पाहुणा कीं गिऱ्हाईक?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एका सहलीचा बेत ठरत होता. बेत मोठा नव्हता. सकाळच्या गाडीनें बोरिवलीस उतरावें, तेथील राष्ट्रीय उद्यानांत शिरावें, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जावें, झाडाखालीं डबे सोडावे आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, एवढाच काय तो विचार. कागद-पेन्सिल माझ्या हातीं होती. माझी पत्नी पुऱ्यांचा आणि पाण्याचा हिशेब सांगत होती. आणि सुटीसाठीं आमच्याकडे राहावयास आलेली माझी नऊ वर्षांची पुतणी मधून मधून आपल्या सूचना पुढें ढकलीत होती. सोमवारीं उद्यान बंद असतें, रविवारीं गर्दी फार, तेव्हां मधला एखादा वार बरा, असें मी लिहून घेत होतों. तोंच तिनें विचारलें, "काका, तिकीट काढल्यावर बिबट्या दाखवतातच ना? आणि नाहीं दाखविला, तर पैसे परत देतात का?"

आम्ही दोघेंही हसलों. त्या उद्यानांत कुंपण घातलेल्या आवारांत जाळीच्या गाडींतून वाघ-सिंह दाखविण्याची सोय आहे, हें तिनें मैत्रिणींकडून ऐकलें होतें; तेव्हां बिबट्याचीही तशीच सोय असेल असें तिला वाटलें, यांत नवल नाहीं. पण हसूं ओसरल्यावर माझें लक्ष हातांतील कागदाकडे गेलें. त्यावर गाडीची वेळ होती, तिकिटांची रक्कम होती, खाण्याचे जिन्नस होते, आणि काय काय पाहावयाचें याची यादी होती. त्या यादींतील प्रत्येक गोष्टीपुढें ती किती वाजतां पाहून संपवावयाची, हेंही मीं लिहिलें होतें. पोरीचा प्रश्न माझ्या कागदाहून निराळा नव्हता. तिनें तो अधिक प्रामाणिकपणें विचारला एवढेंच. रानांत जाणारा मनुष्य रानाचा पाहुणा असतो कीं रानाचें गिऱ्हाईक असतें, हा तो प्रश्न होय. कान्हेरीचें नांव लिहितांना माझा हात थोडा अडखळलाही होता. त्याचें कारण शेवटीं सांगेन.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतील भेद आपणांस व्यवहारांत चांगला कळतो. गिऱ्हाईक पैसे देतें आणि मोबदला मागतें; माल पसंत न पडल्यास तें तक्रार करतें, आणि तसा त्याला हक्क आहे. पाहुणा यजमानाच्या सोयीनें येतो, पानांत पडेल तें गोड मानून घेतो, बंद असलेली खोली उघडून पाहत नाहीं, आणि उठतांना आपल्या मागें पसारा ठेवीत नाहीं. गिऱ्हाइकानें पाहुण्यासारखें वागावें असा आग्रह बाजारांत कोणी धरणार नाहीं. परंतु घरीं बोलाविलेला पाहुणा पानावर बसून पदार्थांची किंमत आणि आपला प्रवासखर्च यांचा मेळ घालूं लागला, तर त्याला आपण काय म्हणूं? एकाच मनुष्याला दोन्ही भूमिका वठवाव्या लागतात; कोठें कोणती, हें ओळखणें यांतच सभ्यतेचा मोठा भाग आहे.

प्रथम शहरवासीयाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती माझीच बाजू आहे. मुंबईच्या माणसाचे वर्षाचे तीनशें दिवस गाडीच्या गर्दींत आणि दोन खोल्यांच्या घरांत जातात. त्याचीं मुलें झाडांचीं नांवें पुस्तकांतून पाठ करतात आणि दाराशीं उभें असलेलें झाड कोणतें हें त्यांना सांगतां येत नाहीं. अशा माणसास वर्षांतून एक दिवस मातीवर चालावेंसें वाटलें, तर तिला चैन म्हणूं नये; ती भूक आहे. आणि ही भूक आजची नाहीं. आपल्या आज्या-पणज्या कार्तिकांत आवळीभोजनास जात. गांवाबाहेर, आवळ्याच्या झाडाखालीं पंगत बसे. मुलें हुंदडत, बायका दोन घटका चुलीपासून मोकळ्या होत. मात्र जेवणापूर्वीं त्या झाडाची पूजा होई, आणि मगच त्याच्या सावलींत पानें मांडलीं जात. त्या पूजेला आज कोणी भाबडी म्हणेल. पण आपण कोणाच्या तरी सावलींत बसलों आहों, एवढी जाणीव तींत होती. आमच्या कागदावर पुऱ्या होत्या, लोणचें होतें. ही जाणीव नव्हती.

येथें एक जुना वाद आठवतो. इंग्लंडच्या वायव्य भागांत सरोवरांचा एक रम्य प्रदेश आहे. कवि वर्डस्वर्थ याचें बहुतेक आयुष्य तेथेंच गेलें. १८४४ सालीं केंडलपासून विंडरमियरपर्यंत आगगाडी नेण्याची योजना निघाली, तेव्हां वृद्ध वर्डस्वर्थनें तिच्याविरुद्ध एक सुनीत लिहिलें आणि लंडनच्या एका वर्तमानपत्रास पत्रें धाडलीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं सृष्टिसौंदर्याची गोडी ही संस्कारानें सावकाश लागणारी गोष्ट आहे. गिरण्यांच्या गांवांतील मजुरांना गाड्या भरभरून एका दिवसापुरतें आणून ओतल्यानें ती लागत नाहीं, मात्र ज्या एकान्तासाठीं यावयाचें तो एकान्त नाहींसा होतो. मजुरांनीं आपल्याच गांवाजवळच्या शेतांतून बायकामुलांसह फिरून यावें, असाही सल्ला त्यानें दिला. गाडी अर्थात् थांबली नाहीं. १८४७ सालीं ती सुरू झाली.

हा वाद मीं वर्गांत पुष्कळदां सांगितला आहे, आणि तो ऐकून विद्यार्थी दर वेळीं रागावतात. त्यांचा राग योग्य आहे. ज्या कवीनें स्वतः त्या प्रदेशाची प्रवासपुस्तिका लिहून लोकांना तिकडची वाट दाखविली, त्यानें गरिबांची पाळी येतांच दार ओढून घ्यावें हें शोभत नाहीं. घोडागाडींतून येणारा तेवढा रसिक आणि आगगाडींतून येणारा अडाणी, हा न्याय नव्हे. आणि आज माझ्यासारख्या मध्यमवर्गीयानें स्वतः रानांत जाऊन यावें व चाळींतल्या मंडळींच्या गर्दीबद्दल नाक मुरडावें, यांत त्याच अन्यायाची पुनरावृत्ति आहे. तथापि वर्डस्वर्थची भीति खोटी नव्हती. फार पायांखालीं वाट रुंद होते आणि रान आखडतें, हें कोणासही दिसतें. त्याची चूक प्रश्न मांडण्यांत झाली. कोणत्या लोकांनीं यावें, असें त्यानें विचारलें. येणाऱ्यानें कसें यावें, हा प्रश्न त्यानें बाजूस ठेवला. आणि श्रीमंत-गरीब, रसिक-अरसिक या सर्वांना सारखाच लागू पडणारा प्रश्न तोच आहे.

आतां आमच्या बेताकडे वळूं. बेत करणें ही वाईट गोष्ट नव्हे. बेताशिवाय कुटुंबाला घेऊन कोठेंच जातां येत नाहीं. पण बेत जसजसा पक्का होतो तसतशी अपेक्षा घट्ट होते. अपेक्षेची मागणी होते. आणि मागणीच्या पाठीशीं पैसे असले म्हणजे तिला हक्काचें रूप येतें. "एवढा दिवस मोडून आलों, मग दिसलें पाहिजे," असें आपण म्हणूं लागतों. रानाची अडचण अशी, कीं त्याचें स्वतःचें एक पंचांग आहे आणि तें आपल्या सुट्यांशीं जुळत नाहीं.

आपल्या डोंगरांतील कारवी घ्या. हिच्या काठ्यांचे कूड करतात, म्हणून कोंकणांत आणि मावळांत ही झुडपें सर्वांच्या ओळखीचीं. सात वर्षें कारवी नुसतीं पानें धरते; आठव्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां सारी टेकडी एकदम जांभळी होते; मग बीं धरतें आणि तें झुडूप वाळून जातें. बोरिवलीच्या या रानांत ती २००८, २०१६ आणि २०२४ या सालीं फुलली. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास यावयाचा. माझी पुतणी तोंवर शाळा संपविण्याच्या वयाची झालेली असेल. यंदा ती फुललेली पाहावयाची आहे असें म्हणून, कितीही मोठें तिकीट काढलें तरी, तें फूल आठ वर्षांतील एकही दिवस कमी करणार नाहीं. कारवीपुढें आपण गिऱ्हाईक होऊंच शकत नाहीं. आपण वाट पाहूं शकतों.

पण रानांतील सर्वच गोष्टी कारवीसारख्या ठाम नसतात. कित्येक गोष्टी आपल्या मागणीपुढें वांकतात, आणि वांकतांना मोडतात. भंडारदऱ्याच्या बाजूस मृगाच्या आगेंमागें झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. अलीकडे तें पाहावयास शहरांतून मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीनें परस्परांस दिलेली खूण. मोटारीच्या दिव्यांच्या झोतांत आणि हातांतल्या विजेरीच्या उजेडांत ती खूण पुसली जाते. ज्या गोष्टीसाठीं इतक्या लांब आलों, ती आपल्या येण्याच्या पद्धतीनेंच विझूं लागते, याहून वाईट पाहुणचार कोणता?

बिबट्याची कथा याहून गंभीर आहे. २०१५ सालीं कॅमेरे लावून जी मोजणी झाली, तींत बोरिवलीच्या रानांत आणि त्याच्या लगत सुमारें ३५ बिबटे आढळले. एवढ्या मोठ्या शहराला लागून इतकीं जनावरें राहतात आणि येणाऱ्या हजारों लोकांपैकीं फारच थोड्यांना तीं दिसतात. कारण तीं रात्रीं हिंडतात आणि माणसाला चुकवून राहतात. हें चुकविणें हाच त्यांचा आणि आपला अलिखित करार आहे. २००२ ते २००४ या काळांत मात्र रानाच्या कडेच्या वस्त्यांवर हल्ले फार वाढले. अनेक माणसें, त्यांत लहान मुलेंही, प्राणास मुकलीं. त्या काळीं इतर ठिकाणीं पकडलेले बिबटे आणून या रानांत सोडण्याची वहिवाट होती. बिबट्याला एका ठिकाणाहून उचलून अनोळखी मुलखांत टाकल्यानें संघर्ष मिटत नाहीं, उलट वाढतो, हें पुढें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. म्हणजे माणसाला नको तेथें बिबट्या दिसला, म्हणून त्याला उचलावयाचा, आणि माणसाला सोयीच्या वाटलेल्या जागीं नेऊन ठेवावयाचा. माझ्या पुतणीला तो हव्या त्या वेळीं दिसावयास हवा होता. त्या व्यवस्थेला तो नको तेथें दिसावयास नको होता. दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच, कीं रानाची मांडणी आपल्या सोयीनें करतां येते. पोरीची समजूत निरागस होती; मोठ्यांच्या समजुतीची किंमत लोकांनीं भरली.

यावर कोणी म्हणेल, कीं म्हणूनच तर निसर्ग-पर्यटनाची कल्पना निघाली. १९८० नंतर ही संज्ञा जगभर प्रचारांत आली. रानाला कमींत कमी इजा व्हावी, येणाऱ्याला कांहीं ज्ञान मिळावें, आणि तेथील रहिवाशांच्या हातीं चार पैसे पडावे, असा तिचा सांगावा आहे. मी या कल्पनेचा उपहास करणार नाहीं. मनुष्य जें पाहतो त्यावर त्याचा जीव जडतो, आणि ज्यावर जीव जडला त्यासाठीं तो भांडतो. २०१९ च्या ऑक्टोबरांत या रानाला लागून असलेल्या आरे वसाहतींत मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां रस्त्यावर उतरलेल्यांत तेथील आदिवासी होते आणि शहरांतील तरुण विद्यार्थीही होते. पाऊल कधींच न टाकलेल्या रानासाठीं कोणी एवढें करील असें मला वाटत नाहीं. नियमही व्हावयास हवेत. व्याघ्र-प्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन सर्वोच्च न्यायालयानें २०१२ च्या जुलैंत तात्पुरतें थांबविलें. ऑक्टोबरांत नियम आले आणि बंदी उठली. गाभ्याच्या पांचव्या हिश्शाहून अधिक भागांत पर्यटकांनीं फिरूं नये, असें त्या नियमांत ठरलें. हें चांगलेंच झालें. परंतु नियम पावलाला सीमा घालूं शकतो. मागणीला घालूं शकत नाहीं. पांचव्या हिश्शांत शिरलेला मनुष्यही वाघ दिसला नाहीं म्हणून वाटाड्यावर डोळे वटारतो, आणि त्याच्या बक्षिशीवर ज्याचें घर चालतें तो वाटाड्या गाडी दोन हात अधिक पुढें दामटतो. नांव निसर्ग-पर्यटन असलें, तरी नातें दुकानाचेंच राहिलें.

शिवाय आपण ज्याचे पाहुणे, तो यजमान कोण, हेंही आपण सहसा विचारीत नाहीं. या उद्यानाच्या हद्दींत वारली, कोळी, काथोडी अशा लोकांचे पाडे आहेत. रानाला उद्यान हें नांव मिळण्यापूर्वींपासून त्यांचे पूर्वज तेथें राहत आले. वारली वाघोबाला देव मानतात. वाघ आणि बिबट्या हे दोन्ही त्याच्याच पोटांत येतात. त्याचें ठाणें आहे, त्याला नैवेद्य आहे, आणि त्याच्या वाटेंत येऊं नये अशी शिकवण आहे. १९९७ सालीं उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला आणि पुढें हजारों झोपड्या पडल्या. शहराच्या रेट्यानें आंत सरकलेली वस्ती आणि मुळांतला पाडा हे दोन प्रश्न निराळे. पण कागदावर पुष्कळदां त्यांचा एकच गठ्ठा होतो. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला तरी, आपण येथलेच, हें सिद्ध करण्याचा भार अजून पाड्यांतल्या माणसाच्याच डोक्यावर असतो. मी सकाळीं तिकीट काढून ताठ मानेनें आंत जातों आणि मला कोणी अडवीत नाहीं. यजमानानें पुरावा द्यावा आणि पाहुण्याची पावती पुरे व्हावी, ही स्थिति ज्याला खटकत नाहीं, त्याचें वनप्रेम मला अपुरें वाटतें. निदान पाड्यावरून जातांना त्यांच्या अंगणाचीं छायाचित्रें न काढणें, आणि काकडी-बोरें विकावयास बसलेल्या म्हातारीशीं घासाघीस न करणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

पाहुणेपणाची शिस्त आपल्याकडे नवी नाहीं. कालिदासाचा दुष्यंत हरणामागें धांवत येतो. हें आश्रमाचें हरिण आहे, मारूं नये, असें तापसानें सांगतांच तो बाण आवरतो. आणि आश्रमाच्या सीमेवर रथांतून उतरून, अलंकार व धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करून, मगच आंत पाऊल टाकतो. राजा तो, साऱ्या भूमीचा धनी; तरी या जागेंत आपलें राजेपण चालावयाचें नाहीं हें तो जाणतो. आपण उद्यानाच्या दाराशीं काय उतरवून ठेवतों? बहुधा कांहींच नाहीं. उलट गाणीं वाजविण्याचें यंत्र तेवढें मुद्दाम बरोबर घेतों.

बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची कथा तर याच डोंगराशीं जोडलेली आहे. विनयपिटकांत सांगितलें आहे, कीं भिक्षु पावसाळ्यांतही हिंडत राहिल्यामुळें कोंवळें गवत तुडविलें जातें व बारीकसारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनीं कुरकुर केली. पांखरेंसुद्धां पावसाळ्यांत घरटें करून एका जागीं राहतात, मग हेच कां फिरतात, असें लोक म्हणूं लागले. तेव्हां बुद्धानें पावसाळ्यांत एका ठिकाणीं राहण्याचा नियम घातला. कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं हें भिक्षूंच्या अशा निवासाचें एक मोठें ठाणें होतें. गवताच्या पात्यासाठीं चालणें थांबविणारीं माणसें ज्या डोंगरावर राहिलीं, त्याच डोंगरावर आज पावसाळी रविवारीं धबधब्यांसाठीं आमची रीघ लागते. आणि देवराया आहेतच. १९७० नंतरच्या दशकांत वर्तक आणि गाडगीळ यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यानें सुशिक्षितांचें लक्ष या राखलेल्या रानांकडे गेलें. कित्येक देवरायांतून वाळकी काडीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं अशी रीत आहे. दुष्यंतानें मोठेपण बाहेर ठेवलें, भिक्षूंनीं ऋतु पाळला, देवराईच्या गांवकऱ्यांनीं हात आवरला. पाहुण्याचा धर्म या तिन्हींत येऊन जातो. आणि तिन्हींचें सार एकच, कीं न जाण्याची व न घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच जाण्याचा अधिकार येतो.

तत्त्वज्ञानाचा अभ्यासक येथें एक शंका काढील. रान म्हणजे कांहीं व्यक्ति नव्हे. त्याला इच्छा नाहीं, मानापमान नाहीं. मग त्याचा पाहुणा होणें ही नुसती कविकल्पना नव्हे काय? कांटनें जनावरांविषयींच्या आपल्या कर्तव्याचा उलगडा असा केला, कीं तें वस्तुतः माणसांविषयींचेंच कर्तव्य. मुक्या जिवाशीं जो निष्ठुर होतो, तो माणसांशींही निष्ठुर होत जातो. हें उत्तर खोटें नाहीं, पण मला तें तोकडें वाटतें. पाहुणेपणा यजमानाच्या भावनेवर अवलंबून नसतो. घर आपलें नाहीं, या वस्तुस्थितीवर अवलंबून असतो. यजमान झोंपलेला असो कीं परगांवीं गेलेला असो, त्याच्या घरांत आपण पाय पुसूनच जातों. रान कायद्यानें सरकारचें, म्हणजे एका अर्थानें आपलें सर्वांचें, हें खरें. परंतु तें आपण केलेलें नाहीं, आणि एकदां मोडल्यावर आपणांस पुन्हा करतां यावयाचें नाहीं. जें करतां येत नाहीं त्याचे आपण मालक कसे?

दुसरी शंका व्यवहारी आहे. लाखों लोक जेथें जातात तेथें एका कुटुंबानें शहाणपणा केला, तर काय मोठें साधेल? याला माझें उत्तर पाण्याचें आहे. विहार तलाव १८६० सालीं पुरा झाला आणि तुळशी १८७९ सालीं. दोन्ही या रानांत आहेत, आणि शहराच्या पाण्याचा थोडा वांटा अजूनही तेथून येतो. म्हणजे ज्यानें जन्मांत बोरिवलीचें रान पाहिलें नाहीं, त्या मुंबईकराच्या पेल्यांतही त्या रानाचा घोट असूं शकतो. आपण न जातांही त्याचे पाहुणे आहों. सहलीच्या दिवशीं आपण तेवढे समोर जातों, इतकेंच. रोज ज्याच्या घरचें पाणी प्यावयाचें, त्याच्या दारीं एक दिवस कसें वागावें, याचा विचार करतांना दुसरे कसे वागतात हें विचारण्याचें कारण नाहीं.

आतां तो अडखळलेला हात. कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांचे लेख कोरलेले आहेत. कल्याण, सोपारा अशा गांवांचे व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी यांचीं नांवें त्यांत आहेत. कोणी लेणें दिलें, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं ठेव ठेविली, कोणी पाण्याचें टाकें खोदवून दिलें. टाक्याला त्या लेखांत "पोढि" म्हटलें आहे. डोंगरावर पडणारें पाणी खडकांतल्या पन्हळींनीं त्या टाक्यांत उतरतें. इतक्या शतकांनंतर अजूनही उतरतें. पस्तीस वर्षांपूर्वीं महाविद्यालयांतील मित्रांबरोबर मी तेथें गेलों होतों. अशाच एका टाक्याच्या कांठावर बसून मीं एका खिळ्यानें माझ्या नांवाचीं दोन अक्षरें खडकांत कोरलीं. कोणी पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तरी त्या वयांत मला कांहीं वाटलें नसतें. पुढें मी अध्यापक झालों, अनेकदां विद्यार्थ्यांना तेथें घेऊन गेलों, दानलेखांवर व्याख्यानें दिलीं. त्या टाक्याकडे मात्र मीं कोणालाही कधीं नेलें नाहीं. "तिकडे विशेष कांहीं नाहीं," असें सांगून मी मुलांना दुसऱ्या वाटेनें वळवीत असें.

एका खडकावर दोन नांवें आहेत. एकानें पाणी देऊन आपलें नांव ठेविलें. दुसऱ्यानें कांहींच न देतां ठेविलें. मीं आलों, मीं पाहिलें, याची मला पावती हवी होती, आणि ती मीं दगडाकडून वसूल केली. पाहुणा व गिऱ्हाईक हा भेद मीं आज एवढ्या विस्तारानें मांडला. पण तो मला ग्रंथांनीं शिकविलेला नाहीं, त्या दोन अक्षरांनीं शिकविला आहे.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं कागद पुन्हा काढला. यादीपुढच्या वेळा खोडल्या. डब्यांना कागदी वेष्टणांऐवजीं फडकीं बांधावयाचीं असें पत्नीनें सांगितलें, तें लिहिलें. पाहण्याच्या गोष्टींत एक टाकें वाढविलें. पुतणी खांद्यावरून वांकून वाचीत होती. तिनें विचारलें, "हें टाकें कशाला?"

"तेथें माझी एक चूक आहे. ती तुला दाखवावयाची आहे."

हें उत्तर तिला फार आवडलें असें दिसलें. मोठ्या माणसाची चूक पाहावयास मिळणें हा लाभ बिबट्याहून लहान नसावा. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "पण काका, बिबट्या दिसणार नाहीं, तर मग तिकीट कशाचें?"

"तिकीट दाराचें. बिबट्याचें नाहीं."

"आणि आपण आलों आहों हें त्याला कळेल?"

"बहुतेक कळेल," मीं म्हटलें. "तो आपणांस पाहीलही. आपणांस कळणार नाहीं."

ती गप्प झाली. मग माझ्या हातांतली पेन्सिल घेऊन तिनें यादींतील बिबट्याच्या नांवापुढें मीं कोरी सोडलेली जागा तशीच ठेविली, आणि खालीं आपल्या अक्षरांत एक ओळ लिहिली, कीं त्या दिवशीं मोठ्यानें बोलावयाचें नाहीं.